ताक आणि टाक : कॉक्लिअर इम्प्लांटला मराठी 'ट' ऐकू येतो का?

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी लेक सहा वर्षांची. जन्मतः दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. अडीच वर्षांची असताना उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. घरात आम्ही त्याला 'मशीन'च म्हणतो. थेरपी नियमित झाली. आता ती बोलते, हट्ट करते, आजीशी भांडते. तक्रार करायला खरं तर जागा नाही.

पण परवा जेवताना मी म्हटलं, "भातावर ताक टाक." तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय टाकू?" मी म्हटलं, "ताक." ती म्हणाली, "हो, टाकते ना. पण काय?"

सगळे हसलो, तीही हसली. रात्री मात्र मला झोप येईना. म्हणजे हिला दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात की काय? दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जोड्या लिहून काढल्या. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर वही धरायची, एक शब्द बोलायचा आणि तिने चित्रावर बोट ठेवायचं. आठ दिवसांत जे दिसलं ते असं : गर-घर, कार-खार यांत क्वचितच चुकते. ताक-टाक म्हणजे नाणं उडवल्यासारखं. मन-मण तसंच. काल-काळ, वेल-वेळ निम्मेअर्धे. हल्ली 'स'सुद्धा नीट पकडत नाही. मे महिन्यात पलीकडच्या खोलीतून पकडायची, आता तीन हातांवरून "काय?" विचारते. कदाचित कंटाळत असेल.

प्रश्न असा की, यात सुधारणा होते का? मशीनमधलं सॉफ्टवेअर परदेशात बनतं, त्यांच्या भाषेत 'ट' आणि 'त' असे वेगळे नाहीतच. मराठीसाठी वेगळं सेटिंग असतं का? की नवीन एआयवाला प्रोसेसर घ्यावा? त्याची किंमत ऐकून यांनी चहाचा कप खाली ठेवला.

---

सिग्नलवाला

ताई, धागा आवडला. मी इम्प्लांटच्या कंपनीत नाही, पण पंधरा वर्षं आवाजाच्या डिजिटल प्रक्रियेवरच पोट भरतोय, म्हणून लिहायचं धाडस करतो.

मशीन नक्की काय करतं ते आधी पाहू. कानामागच्या प्रोसेसरचा माइक आवाज घेतो. आतली चिप त्याचे पट्टे पाडते : इतक्या ते इतक्या हर्ट्झपर्यंत एक पट्टा, त्यापुढे दुसरा. प्रत्येक पट्ट्यात या क्षणी किती जोर आहे एवढंच मोजते आणि तेवढ्या ताकदीचे विजेचे ठोके त्या पट्ट्याच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे कानात आत बसवलेल्या विजेच्या टोकाला, पाठवते. आतल्या कानातल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियात तळाशी उंच स्वर आणि टोकाशी खालचे, अशी निसर्गाचीच मांडणी असते. इलेक्ट्रोडची तार त्याच क्रमाने आत सरकवलेली असते. कॉक्लिअर कंपनीच्या तारेवर २२ इलेक्ट्रोड, अॅडव्हान्स्ड बायोनिक्सच्या १६, मेड-एलच्या १२. निरोगी कानात हेच काम साधारण साडेतीन हजार आतल्या केसपेशी आणि तीसेक हजार मज्जातंतू करतात. म्हणजे पेटीच्या पट्ट्या काढून तिथे बावीस वीतभर रुंद फळ्या बसवल्यासारखं.

बावीस म्हटलं तरी बावीस मिळत नाहीत. कॉक्लियात खारट द्रव असतो, वीज त्यात पसरते. शेजारच्या दोन इलेक्ट्रोडचे ठोके जवळपास त्याच तंतूंना जाऊन भिडतात. बोलणं समजण्याच्या चाचण्यांत असं दिसलंय की बऱ्याच लोकांना सात-आठ वेगळ्या वाटांच्या पुढे इलेक्ट्रोड वाढवून फारसा फायदा होत नाही.

आता तुमचा तक्ता बघा. आपली वर्णमाला डोळ्यांसमोर आणा : क ख ग घ ही आडवी ओळ, त्याखाली च छ ज झ, मग ट ठ ड ढ, मग त थ द ध. ओळीत आडवं सरकताना काय बदलतं? वेळ. 'क' म्हटल्यावर स्वर जवळजवळ लगेच सुरू होतो. 'ख'मध्ये मध्येच हवेचा झोत येतो, स्वर ५० मिलिसेकंद किंवा त्याहून उशिरा येतो. मशीन प्रत्येक इलेक्ट्रोडला सेकंदाला साधारण ९०० ठोके देतं, त्यामुळे एवढा उशीर त्याला ढळढळीत दिसतो. उभं उतरताना काय बदलतं? जागा. जीभ कुठे टेकली ते. ती माहिती वेळेत नसते, कुठल्या पट्ट्यात जोर आहे यात असते. आणि तिथेच आपल्या फळ्या वीतभर रुंद आहेत.

म्हणून तुमची लेक आडवी नीट चालते आणि उभी अडखळते. दोष तिचा नाही, थेरपीचाही नाही.

---

सातारी_मास्तर

मी स्वतः इम्प्लांटवाला आहे. ५२व्या वर्षी ऐकू येणं पूर्ण गेलं, ५४व्या वर्षी इम्प्लांट. गणित शिकवायचो. जन्मापासून ऐकलेलं डोक्यात साठवलेलं असल्यामुळे मला तुलना करता येते, ती सांगतो.

मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हा बायको बोलली आणि मला वाटलं कोणी पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवतंय. शब्द एकही नाही. नंतर ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावलं की तार कॉक्लियाच्या अगदी टोकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज मेंदूला उंच जागेवरून येतो. मेंदूला पत्ता बदलायला वेळ लागतो. मला चार महिने लागले. आज तीच बायको तिच्याच आवाजात बोलते, मशीन मात्र तेव्हा होतं तेच आहे.

सिग्नलवाले म्हणतात ते आडवं-उभं माझ्याबाबतीत शंभर टक्के खरं. फरक इतकाच की 'भातावर टाक टाक' असं कोणी म्हणत नाही हे मला ठाऊक असतं, म्हणून मी मनात दुरुस्त करून घेतो. लहान मुलीकडे तो साठा अजून नाही. माझी खरी पंचाईत विशेषनामांत होते. नवीन माणूस 'तांबे' की 'टांबे', दोनदा विचारावं लागतं.

संगीताचं विचारू नका. तबला ऐकतो, ठेका ओळखतो, तिहाई कुठे संपणार तेही कळतं. गायक कुठल्या सुरावर आहे ते नाही कळत. भीमसेनजींची जुनी ध्वनिफीत लावली की सम पकडतो आणि बाकीचं आठवणीतून ऐकतो.

---

शब्दवेडी

भाषाशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एक जोड देते, कारण इथे मराठीचा खरा मुद्दा आहे.

'ट'सारखे मूर्धन्य उच्चार करताना जीभ वळून वर टेकते. त्या वेळी आवाजातला तिसरा अनुनाद (फॉर्मंट म्हणतात तो, तोंडाच्या पोकळीत घुमून जोर मिळालेल्या पट्ट्यांपैकी खालून तिसरा) खाली ओढला जातो. गंमत अशी की हे खाली येणं 'ट'च्या आधीच्या स्वरात जास्त दिसतं. जीभ आधी वळते, मग टेकते आणि सुटताना पुढे घसरते. सुटेपर्यंत ती दाताच्या बरीच जवळ आलेली असते. म्हणून शब्दाच्या सुरुवातीचा 'ट' आणि 'त' हा फरक साध्या कानालाही तुलनेने अवघड, आणि स्वरानंतरचा सोपा.

चिपळूणकरीण ताई, तुम्ही ताक-टाक घेतलंत म्हणजे सगळ्यात कठीण पेपर काढलात! वात-वाट, मात-माट, आत-आट अशा जोड्या करून बघा. पीत-पीठ नको (तिथे प्राण, म्हणजे हवेचा झोतही बदलतो). ण आणि ळ मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत, बहुतेक वेळा स्वरामागूनच येतात. आपल्या भाषेने जणू तेवढी सोय करून ठेवलीय.

---

कट्ट्यावरचा

एवढं सगळं चालूये पण साधा प्रश्न कोणी विचारत नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ हे तंत्रज्ञान आहे ना? एवढ्या वर्षांत 'त' आणि 'ट' वेगळा करता आला नाही? फोन माझं मराठी ऐकून टाइप करतो. तोच एआय मशीनमध्ये घाला, त्याने शब्द ओळखावा आणि स्वच्छ उच्चार कानात सोडावा. संपला विषय.

---

सिग्नलवाला

@कट्ट्यावरचा, तुम्ही म्हणताय ते करून झालंय, थोड्या वेगळ्या रूपात. ही गोष्ट मला फार आवडते म्हणून जरा सविस्तर.

मेलबर्नचे ग्रॅहम क्लार्क यांनी १९७८मध्ये अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. (त्यांचे वडील कमी ऐकू येणारे औषधविक्रेते होते. वळणदार कॉक्लियात तार कशी सरकवायची हे कोडं त्यांना समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या शंखात गवताची काडी घालून बघताना सुटलं.) त्यांच्या सुरुवातीच्या प्रोसेसरची कल्पना तुमच्यासारखीच होती : यंत्राने हुशारी करायची. आवाजातून मूळ पट्टी आणि दुसरा अनुनाद शोधून काढायचा आणि तेवढंच पाठवायचं. पुढे पहिला अनुनादही घेतला. शांत खोलीत बरं चालायचं. पण पंखा सुरू झाला, कोणी खुर्ची ओढली, की यंत्र चुकीची गोष्ट उचलायचं. आणि चूक करताना ते ठामपणे करायचं. ऐकणाऱ्याला दुरुस्तीला काही शिल्लकच राहायचं नाही.

१९९१मध्ये अमेरिकेत ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये वेगळी वाट मांडली. निवडायचं नाही, ओळखायचं नाही. सगळ्या पट्ट्यांतला चढउतार पाठवायचा आणि फक्त एक पथ्य पाळायचं : दोन इलेक्ट्रोडनी एकाच क्षणी वीज सोडायची नाही. एकामागून एक, पाळीपाळीने. एकदम सोडली की द्रवात प्रवाह एकमेकांत मिसळतात. जुनीच तार, जुनेच रुग्ण, नुसता ठोक्यांचा क्रम बदलला आणि बोलणं समजण्यात मोठी उडी आली. याला सीआयएस म्हणतात. आजच्या बहुतेक पद्धती त्याच घराण्यातल्या. २०१३चा लास्कर पुरस्कार क्लार्क, विल्सन आणि व्हिएन्नाच्या इंगेबोर्ग होखमायर या तिघांना मिळाला.

म्हणजे मोठी सुधारणा यंत्र हुशार करून नाही, यंत्राला कमी हुशारी करायला लावून झाली. मेंदूला कच्चा माल नीट पोचवा, बाकी तो बघून घेतो.

एआयचा उपयोग आहे, पण गोंगाट बाजूला करायला. वर्गातला कलकलाट, हॉटेल, रिक्षा. तिथे खरंच फरक पडतो. त/टचा अडथळा मात्र चिपमध्ये नाही, चिपच्या पलीकडे त्या खारट द्रवात आहे. कितीही स्वच्छ 'ट' पाठवला तरी शेवटी तो त्याच रुंद फळ्यांवरून जाणार. आणि फोन शब्द ओळखायला पुढचेमागचे शब्द बघतो, थोडा थांबतो. कानात आवाज ओठांच्या हालचालीबरोबर यायला हवा, उशिरा आला की बोलणारा माणूस डब केलेल्या सिनेमातला वाटतो.

---

कट्ट्यावरचा

ठीक. म्हणजे फळ्या अरुंद करायच्या. ते का करत नाहीत?

---

सिग्नलवाला

करायचा प्रयत्न चालू आहे. एका इलेक्ट्रोडमधून वीज सोडायची आणि शेजारच्या दोघांतून उलटी ओढून घ्यायची, म्हणजे ती पसरत नाही. कागदावर सुंदर. पण मग तेवढाच आवाज जाणवायला जास्त वीज लागते, बॅटरी खाते आणि सगळ्यांनाच फायदा होतो असंही नाही. दुसरी युक्ती म्हणजे दोन शेजारी इलेक्ट्रोडमध्ये वीज कमीजास्त वाटून मधल्या जागी 'भासमान' इलेक्ट्रोड तयार करणं. तीही बाजारात आहे. चमत्कार नाही, पण आहे.

---

ऑडिओवाली

चर्चा छान चाललीय, पण सगळे 'ट'च्या मागे लागलात आणि ताईंनी लिहिलेलं एक वाक्य कोणी वाचलंच नाही.

मे महिन्यात 'स' पलीकडच्या खोलीतून ऐकायची, आता तीन हातांवरून नाही. हे इम्प्लांटच्या मर्यादेने होत नाही. मर्यादा मेमध्येही तीच होती. काहीतरी बिघडलंय.

ताई, मी नाशिकला रोज हेच काम करते, म्हणून क्रमाने विचारते. तुम्ही सकाळी सहा ध्वनींची तपासणी करता का? आ, ई, ऊ, म, श, स. खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत सगळा पल्ला या सहांत येतो. फक्त 'स' गेला आणि 'ऊ', 'म' जागेवर असतील तर वरचे स्वर कुठेतरी अडताहेत. कारणं दोन-चारच. वरच्या स्वरांचा एखादा इलेक्ट्रोड बंद पडलाय, मॅपमध्ये (म्हणजे मशीनच्या सेटिंगमध्ये) त्या इलेक्ट्रोडच्या पातळ्या आता कमी पडताहेत, किंवा माइकचं आवरण ओलाव्याने आणि धुळीने चोंदलंय. पावसाळ्यात, त्यातून चिपळूणला, मी आधी तिसरं बघेन. आवरण शेवटचं कधी बदललं? रात्री मशीन सुकवणीच्या डब्यात ठेवता का, आणि त्यातली सिलिकाची पुडी कधी बदललीत?

आणखी एक. तोंडासमोर वही धरू नका. हात, पदर, वही, काहीही धरलं की 'स', 'श' आणि 'ट'चा सुटतानाचा बारीक फटकारा आधी दबतो. तिच्या मशीनच्या बाजूला शेजारी बसा, दोघी मिळून समोरच्या चित्रांकडे बघा आणि बोला. ओठ आपोआप दिसत नाहीत. तुमचा आठ दिवसांचा तक्ता त्या वहीने थोडा बिघडवलाय.

मराठीसाठी वेगळं सेटिंग नसतं. मॅप भाषा विचारत नाही. तो प्रत्येक इलेक्ट्रोडला जेमतेम जाणवणारी आणि आरामात मोठी वाटणारी वीज यांच्या मध्ये बसवलेला असतो. पण मॅप तपासताना भाषा नक्की लागते. पुढच्या भेटीला तुमचा तक्ता घेऊन जा. "नीट ऐकत नाही" असं म्हणणारे पालक रोज येतात. "मण-मन चुकते, गर-घर नाही" असं सांगणारे वर्षात दोन येतात, आणि त्यांच्याबरोबर काम करता येतं.

---

आजी_ठाणे

मध्येच विचारते, माफ करा. नातू दीड वर्षाचा, आत्ताच कळलंय. खर्च झेपणारा नाही. सरकारी मदत असते ना?

---

ऑडिओवाली

आजी, असते. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी) पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इम्प्लांट मिळतं. वांद्र्याच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत जाऊन चौकशी करा, ठाण्याहून जवळच आहे. जिल्हा रुग्णालयात सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाबद्दलही विचारा. मुख्य म्हणजे वेळ घालवू नका. तोवर श्रवणयंत्र लावून ठेवा, थेरपी सुरू करा.

---

पाऊलखुणा

मी कर्णबधिर आई-वडिलांचा मुलगा. विरोध करायला नाही आलो, पण सुकवणीच्या डब्यात मशीन ठेवल्यावर रात्री, पोहताना, बॅटरी संपल्यावर ती मुलगी काय करते? घरात चार खुणा शिका. त्याने बोलणं मागे पडत नाही. आमच्या घरी 'ताक'ची खूण आहे, रवी घुसळल्यासारखी दोन तळव्यांची. भातावर काय टाकायचं यावरून आमच्याकडे कधी गोंधळ झाला नाही. :)

---

सातारी_मास्तर

पाऊलखुणा, बरोबर बोललात. मी रात्री मशीन काढतो तेव्हा बायको माझ्या तळहातावर बोटाने अक्षर लिहिते. तिथे 'ट' आणि 'त' स्पष्ट वेगळे असतात.

---

चिपळूणकरीण

अपडेट. ऑडिओवाली मॅडम, कुठल्या शब्दांत आभार मानू कळत नाही, आणि थोडी लाजही वाटतेय.

माइकचं आवरण आम्ही बसवल्यापासून बदललंच नव्हतं. बदलायचं असतं हेच कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्या धांदलीत डोक्यावरून गेलं असेल. भिंगातून बघितलं तर बारीक जाळी पूर्ण राखाडी. सिलिकाचे मणी निळ्याचे कधीच गुलाबी झाले होते, मला वाटलं रंगच तसा. आवरणाची पाकिटं कुरियरने मागवली, शनिवारी आली. यांनी चिमट्याने काढून नवीन बसवलं. लेकीने मशीन लावलं, स्वयंपाकघरात गेली आणि परत येऊन विचारलं, "आई, कुकर कशाला बोलतोय?" शिट्टी झाली नव्हती. शिट्टीच्या आधी वाफ सुरसुरते ना, ते.

रविवारी शेजारी बसून तक्ता पुन्हा केला, वहीशिवाय. 'स' आणि 'श' परत आले. काल-काळ, वेल-वेळ बरंच सुधारलं. वात-वाट बहुतेक वेळा बरोबर, शब्दवेडी ताईंचं म्हणणं अगदी खरं निघालं. ताक-टाक मात्र अजून तसंच, आणि मन-मण चं काही कळत नाही, कधी दहा बरोबर, कधी सगळे चूक.

काल सेंटरला जाऊन आलो. मॅप बघितला, सगळे इलेक्ट्रोड चालू आहेत. तिथल्या मॅडमनी तक्ता वाचून दुसरा प्रोग्राम करून दिला. त्यांनी समजावलं ते असं, की प्रत्येक फेरीत मशीन बावीसपैकी सगळ्यात जोरदार आठच पट्टे निवडून पाठवतं. तिसरा अनुनाद अशक्त असला तर त्या आठांत त्याचा नंबरच लागत नाही. म्हणून दहा निवडायला सांगितलेत. घरी दोन्ही प्रोग्राम आलटून पालटून लावतेय, कुठला चालू आहे ते तिला न सांगता. अजून तरी फरक दिसत नाही. तिला जुनाच आवडतो, "याच्यात बाबा भांडी घासल्यासारखे बोलतात" म्हणते.

---

सिग्नलवाला

आठाचे दहा करून फरक दिसेलच असं नाही, शेजारचेच दोन वाढले तर त्याच फळीवर आणखी माती पडते. पण तीन-चार आठवडे द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही.

मी एक खेळ केला. आवाजाचे आठ पट्टे करून प्रत्येकात फक्त चढउतार ठेवला आणि आतला सूर काढून नुसता फुसफुसाट भरला, म्हणजे इम्प्लांटची ढोबळ नक्कल. १९९५मध्ये शॅनन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की चार पट्ट्यांतही शांततेत बरंच बोलणं समजतं. तेच मराठीत करून माझ्या आईला ऐकवलं. वाक्यं तिने पटापट ओळखली. खार-कार बरोबर. 'ताक' लावलं तर म्हणाली, "काय टाकू?" शपथ, मी काही सांगितलं नव्हतं.

---

ऑडिओवाली

:))

ताई, मन-मण कधी दहा बरोबर, कधी सगळे चूक याचा अर्थ तिला फरक ऐकू येतोय, कुठला कुठला ते नाव पक्कं झालं नाही. नाणं उडवल्यासारखं आलं असतं तर वेगळी गोष्ट. ताक-टाकवर वेळ घालवू नका, 'वाट', 'ताट', 'पाट' आधी पक्के होऊ देत. आवरण साधारण तीन महिन्यांनी बदला, पावसाळ्यात त्याआधी. कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या बाजूला.

---

चिपळूणकरीण

लिहिलं. गणपतीच्या आदल्या दिवशीची तारीख आहे, विसरणार नाही.

आज जेवताना मुद्दाम पुन्हा म्हटलं, "भातावर ताक टाक." तिने दोन्ही तळवे एकमेकांवर घासून रवी फिरवली आणि भुवया वर करून माझ्याकडे बघितलं. (पाऊलखुणा, हे तुमचं. परवा मीच दाखवलं होतं.) मी मान हलवली. तिने ओतलं, जरा जास्तच.

---

सातारी_मास्तर

ताई, तो कॅलेंडरवरचा तक्ता फोटो काढून इथे टाका. नातवाला वाचायला लावतो आणि मी परीक्षेला बसतो.